अदृश्य प्रवाहाचा वेग

मनुष्याच्या मेंदूचे वजन त्याच्या देहाच्या वजनाचा अवघा पन्नासावा हिस्सा. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे सातवा हिस्सा हा एकटा घेतो. दर मिनिटाला जवळजवळ पाऊण लिटर रक्त त्याच्यामधून वाहून जाते. इतका खर्च असूनही ह्या संसारात शिल्लक अशी काही नाही. मांडी घालून बराच वेळ बसले असता पायाला मुंग्या येतात आणि उठून चार पावले टाकली की त्या जातात. मेंदूला अशी सवलत नाही. त्याचा रक्तपुरवठा दहा सेकंद थांबला तर माणसाची शुद्ध हरपते. काही मिनिटे थांबला तर जे नष्ट होते ते पुन्हा उभे राहत नाही. ज्या घरात अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे, त्या घराला हे निराळे सांगावे लागत नाही.

हा सारा देवघेवीचा व्यवहार चालतो तो केशवाहिन्यांतून. केसासारखी वाहिनी म्हणून केशवाहिनी असे नाव पडले खरे. पण केसाशी तिची तुलना करणे म्हणजे केसाला उगाच बारीक ठरविणे होय. माणसाचा केस तिच्याहून दहा-पंधरा पट जाड असतो. मेंदूतील केशवाहिनीचे तोंड इतके अरुंद असते की, रक्तातील तांबड्या पेशींना अंग दुमडून, एकीमागून एक अशा रांगेने तिच्यातून जावे लागते. एका मेंदूतील अशा सर्व वाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर त्यांची लांबी सुमारे सहाशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून पणजीला पोहोचण्याइतकी भरेल, असा हिशेब मांडला जातो. त्या वाहिन्यांतून रक्त किती वेगाने वाहते, आणि माणूस विचार करतो, पाहतो, ऐकतो तेव्हा तो वेग बदलतो की नाही, ह्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास शास्त्रज्ञांना साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या शोधाची ही कथा आहे.

१६२८ साली विल्यम हार्वे ह्या इंग्रज वैद्याने आपला लहानसा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. रक्त यकृतात निर्माण होते आणि शरीरात मुरून जाते, ही गॅलेनच्या काळापासून चालत आलेली समजूत त्याने मोडून काढली. हृदय दर तासाला जितके रक्त बाहेर ढकलते तितके रक्त अन्नापासून नव्याने तयार होणे शक्यच नाही. अर्थात् तेच रक्त रोहिण्यांतून जाते आणि नीलांतून परत येते, हा त्याचा युक्तिवाद साध्या हिशेबाचा होता व म्हणूनच अभेद्य होता. पण त्याच्या वर्तुळात एक तुटलेली जागा राहिली. रोहिण्यांतील रक्त नीलांत शिरते कोठून? हार्वेने ती वाट अनुमानाने मानली. १६५७ साली तो वारला, तोपर्यंत ती कोणाच्याही डोळ्यांना दिसली नव्हती.

हार्वेचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी इटलीत मार्चेल्लो माल्पिगी जन्मला. १६६१ साली बेडकाचे फुप्फुस भिंगाखाली धरून त्याने ती हरवलेली वाट पाहिली. रोहिणीच्या शेवटच्या फांद्या आणि नीलेच्या पहिल्या फांद्या ह्यांच्यामध्ये बारीक नळ्यांचे जाळे पसरलेले होते. थोड्याच वर्षांनी हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक ह्या कापडाच्या व्यापाऱ्याने, स्वतःच्या हाताने घासलेल्या भिंगांतून, बेडकाच्या पिलांच्या आणि ईल माशाच्या शेपटीत रक्ताचे कण प्रत्यक्ष धावताना पाहिले. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर डेल्फ्टला आला असता ह्या व्यापाऱ्याने त्याला ईल माशाच्या शेपटीतील हाच देखावा दाखविला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? रक्ताभिसरणाचा वाद संपला.

तथापि बेडकाच्या पिलाची व माशाची शेपटी पारदर्शक असते; मेंदू हाडाच्या पेटीत बंद असतो. ती पेटी हेच पुढील दीडशे वर्षांच्या गोंधळाचे कारण झाले.

१७८३ साली एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्‍रोने एक सिद्धांत मांडला आणि १८२४ मध्ये जॉर्ज केली ह्याने त्याला दुजोरा दिला. कवटी ही ताठर व बंद पेटी आहे. मेंदू दाबला जात नाही. तेव्हा आत असलेल्या रक्ताचे एकूण प्रमाण नेहमी जवळजवळ सारखेच असले पाहिजे. ह्यात असत्य फारसे नाही. पण त्यावरून लोकांनी भलताच निष्कर्ष काढला: रक्त तितकेच, म्हणून मेंदूचा पुरवठाही नेहमी तितकाच. काठोकाठ भरलेल्या टाकीत पाण्याचे माप बदलत नाही. म्हणून एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाणारे पाणी नेहमी एकाच वेगाने वाहते असे मात्र होत नाही. सावकाश वाहिले तरी टाकी भरलेलीच, वेगाने वाहिले तरी भरलेलीच. पेशींना खाऊ-पिऊ घालते ते साठलेले रक्त नव्हे, वाहून जाणारे रक्त. ‘किती’ ह्या प्रश्नात ‘किती वेगाने’ हा प्रश्न गडप झाला, आणि तो वर काढण्यास डोळ्यांनी पाहण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता.

त्या दिशेने पहिले पाऊल उट्रेख्टच्या डोंडर्सने १८५० च्या सुमारास टाकले. सशाच्या कवटीला छिद्र पाडून त्यावर त्याने काचेचा तुकडा घट्ट बसविला आणि त्या खिडकीतून मेंदूच्या पृष्ठभागावरील वाहिन्या न्याहाळल्या. त्यांची रुंदी कमीजास्त होत असलेली त्याला दिसली. रुंदी बदलण्याचे महत्त्व किती, हे फ्रान्समध्ये प्वाझय नावाच्या वैद्याने त्याआधीच नळ्यांवरील प्रयोगांनी दाखवून दिले होते. नळीची त्रिज्या निम्मी केली तर तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा द्रव वाहतो. त्याच प्वाझयने बेडकाच्या वाहिन्यांत आणखी एक गोष्ट टिपली होती: वाहिनीच्या भिंतीलगतचा द्रव जवळजवळ निश्चल राहतो आणि रक्तकण मधोमध धावतात.

माणसाच्या मेंदूविषयी पहिला पुरावा अपघातानेच हाती आला. इटलीतील तुरीन येथील आंजेलो मोस्सो ह्या शरीरशास्त्रज्ञाकडे १८७७ मध्ये बेर्तिनो नावाचा शेतकरी आला. डोक्याला झालेल्या जखमेने त्याच्या कवटीचे हाड एका ठिकाणी नाहीसे झाले होते आणि तेथे मेंदूचे स्पंदन कातडीखाली दिसत होते. मोस्सोने त्या जागी यंत्र लावून स्पंदनाची रेघ कागदावर उतरविली. एके दिवशी दुपारी बारा वाजता चर्चची घंटा वाजली आणि रेघ एकाएकी उंचावली. हातावरील नाडीत मात्र तसा बदल नव्हता. घंटा ऐकून तुला आपण ‘आवे मारिया’ म्हणावयास हवे होते असे वाटले काय, असे मोस्सोने विचारले. पुन्हा रेघ चढली, आणि बेर्तिनोने ‘होय’ म्हटले. गोव्यातील ज्या गावांतून दुपारची घंटा ऐकू येते, तेथील वाचकांना ह्या प्रसंगाचा अर्थ उलगडून सांगण्याचे कारण नाही. मनात उमटलेल्या प्रार्थनेच्या आठवणीने मेंदूतील रक्त हलले होते.

ह्या पुराव्यावर शास्त्र उभे राहण्यास आणखी तेरा वर्षे गेली. १८९० मध्ये केंब्रिजच्या रॉय व शेरिंग्टन ह्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांवरून असे मत मांडले की, मेंदूच्या ज्या भागाचे काम वाढते त्या भागात काही रासायनिक द्रव्ये साचतात, ती जवळच्या वाहिन्या रुंद करतात आणि तेथला पुरवठा वाढतो. ह्या मताप्रमाणे मेंदूला स्वतःचा पाटकरी आहे. ज्या शेताला गरज त्याची मोरी तो उघडतो. परंतु १८९६ मध्ये लेनर्ड हिल ह्या मान्यवर शास्त्रज्ञाने उलट निर्णय दिला. त्याच्या मते असा कोणी पाटकरी नाही; धरणातील पाणी वाढले की सर्व पाटांचे वाढते, घटले की सर्वांचे घटते. मेंदूतील प्रवाह केवळ शरीरातील रक्तदाबाच्या मागे जातो. हिलच्या शब्दाचे वजन मोठे होते. पुढे सुमारे तीस वर्षे रॉय-शेरिंग्टन ह्यांचा विचार अडगळीत पडून राहिला. तो खोटा ठरला म्हणून नव्हे. त्याला खरे ठरविणारे साधन कोणाजवळ नव्हते म्हणून.

१९२८ हे वर्ष ह्या दृष्टीने संस्मरणीय ठरले. त्या वर्षी बॉस्टनमध्ये हेन्री फोर्ब्ज ह्याने मांजराच्या कवटीत बसविलेल्या काचेच्या खिडकीतून मेंदूवरील वाहिन्यांची रुंदी पद्धतशीर मोजण्याचा पायंडा घातला. त्याच वर्षी जॉन फुल्टन ह्याने एका तरुण खलाशाची हकीगत प्रसिद्ध केली. त्या खलाशाच्या मेंदूच्या मागील बाजूस, जेथे दृष्टीचे केंद्र आहे तेथे, वाहिन्यांचा विकृत गुंता होता आणि त्यातून वाहणाऱ्या रक्ताचा घोंघावणारा आवाज कवटीवरून ऐकू येत असे. तो डोळे मिटून स्वस्थ पडला की आवाज कमी होई; वर्तमानपत्रातील बारीक अक्षरे वाचू लागला की काही क्षणांतच वाढे. वास घेताना किंवा बोलणे ऐकताना तसे होत नसे. पाटकरी आहे, ह्याची ही कानांना पटणारी साक्ष होती. १९४५ नंतर अमेरिकेत केटी व श्मिट ह्यांनी श्वासावाटे दिलेल्या वायूच्या साहाय्याने माणसाच्या संपूर्ण मेंदूचा रक्तप्रवाह मोजला. आरंभी दिलेला पाऊण लिटरचा आकडा त्यांच्याच मापनातून आलेला आहे. परंतु हा सर्व गावाचा एकत्रित हिशेब झाला. एकेका पाटातून पाणी कसे धावते हे अद्याप कोणी पाहिले नव्हते.

पुढचे काम प्रकाशाने केले. त्याचे मूळ शोधावयाचे तर पुन्हा १८४२ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी प्रागमध्ये क्रिस्तियान डॉप्लरने असे दाखविले की, लहरींचे उगमस्थान जवळ येत असेल तर लहरींची कंपने वाढल्यासारखी भासतात, दूर जात असेल तर घटल्यासारखी. शिटी वाजवीत स्टेशनातून धडधडत जाणाऱ्या आगगाडीचा सूर फलाटावरील माणसाला एकाएकी उतरल्यासारखा वाटतो, तो ह्याच कारणाने. धावत्या रक्तकणावरून परतलेला प्रकाशही असाच बदलला पाहिजे. पण किती? तांबडा प्रकाश एका सेकंदात सुमारे ४७० लाख कोटी वेळा कंप पावतो. सेकंदाला एक मिलिमीटर चालणारा रक्तकण त्यात फार तर चार हजारांचा फरक पाडतो. साध्या दिव्याच्या प्रकाशात हजार रंग मिसळलेले असतात. त्यात हा फरक सापडणे म्हणजे जत्रेच्या गलक्यात एका मुंगीची चाहूल घेण्यासारखे होते.

१९६० साली लेसरचा शोध लागला आणि एकाच रंगाचा, एकाच तालात चालणारा प्रकाश हाती आला. १९६४ मध्ये ये व कमिन्स ह्या दोघांनी त्याच्या साहाय्याने पाण्याच्या संथ प्रवाहाचा वेग मोजून दाखविला. १९७२ मध्ये रीव्हा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीच रीत सशाच्या डोळ्यातील रक्तवाहिनीला लावली. त्यांनी डोळा निवडला हे साहजिकच होते. डोळ्यातील दृष्टिपटल हे गर्भावस्थेत मेंदूपासूनच फुटून निघालेले अंग आहे. कवटी न फोडता मेंदूच्या घराण्यातील वाहिन्या दिसण्याची तेवढी एकच जागा. त्याच रीव्हाने १९८० मध्ये आणखी एका सोप्या दृश्याचा उपयोग केला. निरभ्र निळ्या आकाशाकडे क्षणभर टक लावून पाहिले असता नजरेसमोर चमकदार ठिपके वळणावळणाने धावताना दिसतात. हा भास नसतो. निळा प्रकाश तांबड्या पेशी शोषून घेतात, पांढऱ्या पेशी मात्र जाऊ देतात. तेव्हा दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे पाहणाराच्या स्वतःच्या केशवाहिनीतून जाणारी पांढरी पेशी होय. पडद्यावरील कृत्रिम ठिपक्यांचा वेग तिच्याशी जुळवून रीव्हाने माणसाच्या केशवाहिन्यांतील वेगाचा अंदाज केला. डॉप्लरच्या नियमाची ही सारी मांडणी डोळ्यापाशी जेवढी सोयीची होती, तेवढी मेंदूच्या विस्तृत पृष्ठभागावर नव्हती.

लेसरबरोबर एक उपद्रवही आला होता, आणि तोच पुढे उपकारक ठरला. लेसरचा प्रकाश खडबडीत पृष्ठावर पाडला की तो एकसारखा न दिसता रवाळ दिसतो; जणू चमकत्या-काळ्या वाळूचे कण पसरले आहेत. लेसर निघण्यापूर्वीच, १९४३ मध्ये, बंगळूर येथे रामन यांचे शिष्य गो. ना. रामचंद्रन ह्यांनी सूक्ष्म कणांतून विखुरलेल्या प्रकाशातील अशाच चढउतारांचा अभ्यास केला होता. पृष्ठ स्थिर असेल तर रवे स्थिर; खाली रक्त धावत असेल तर रवे थरथरतात आणि छायाचित्रात पुसट होतात. जेथे अधिक पुसट, तेथे रक्त अधिक वेगवान. १९८१ मध्ये फेर्खर व ब्रायर्स ह्यांनी दृष्टिपटलावर ही युक्ती वापरली. २००१ मध्ये बॉस्टनमधील डन, बोआस आणि त्यांचे सहकारी ह्यांनी उंदराच्या मेंदूचा मोठा भाग ह्या रीतीने एकाच वेळी, क्षणाक्षणाला टिपला. पुढे ही पद्धत शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या झालेल्या मानवी मेंदूवरही वापरून पाहण्यात आली. तिची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. कोठे वेग वाढला आणि कोठे घटला हे ती छान सांगते. अमुक एका केशवाहिनीत सेकंदाला किती मिलिमीटर, हे तिला सांगता येत नाही. शिवाय ती पृष्ठभागाच्या फार खाली जात नाही.

ते काम दुसऱ्या एका शोधाने साधले. १९३१ साली मारिया ग्योपर्ट ह्या तरुण जर्मन विदुषीने केवळ गणिताच्या बळावर असे भाकीत केले होते की, एखादा रेणू प्रकाशाचे दोन कण एकाच क्षणी गिळू शकेल. त्या काळचे दिवे ह्या कामाला फार दुबळे होते. लेसर आल्यावर, १९६१ मध्ये, ते भाकीत खरे ठरले. १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील डेंक, स्ट्रिक्लर व वेब ह्यांनी त्यावर सूक्ष्मदर्शक उभारला. ह्यात सेकंदाच्या एक लाख कोटीव्या हिश्शाचेही दहा भाग करावेत इतक्या अल्प काळाचे प्रकाशाचे झोत सोडतात. दोन कण एकत्र येण्याइतकी गर्दी फक्त केंद्रबिंदूपाशीच होते. म्हणून तेवढाच बिंदू उजळतो आणि मेंदूच्या आतील थरही स्वच्छ दिसतात.

१९९८ मध्ये क्लाइनफेल्ड, मित्रा, हेल्मखेन व डेंक ह्यांनी ह्या यंत्राने उंदराच्या मेंदूतील एकेकट्या केशवाहिनीत पाहिले. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. रक्तद्रवात चमकणारा रंग सोडतात. तो तांबड्या पेशींच्या आत शिरत नाही, म्हणून पेशी काळ्या दिसतात. मग लेसरचा बिंदू एकाच वाहिनीच्या लांबीवरून सेकंदात शेकडो वेळा फिरवतात आणि प्रत्येक फेरीची ओळ आधीच्या ओळीखाली मांडतात. पेशी निश्चल असेल तर काळी रेघ सरळ खाली उतरते; पेशी चालू लागली की रेघ तिरकी होते; जितका वेग अधिक तितकी ती अधिक आडवी पडते. रेघेचा कल मोजला की वेग कळला. हा सूर्य आणि हा जयद्रथ!

उत्तर काय आले? केशवाहिन्यांतील वेग सेकंदाला एक मिलिमीटरच्या आसपास. पण सर्वत्र सारखा मुळीच नाही. शेजारच्या दोन वाहिन्यांत तो भिन्न असतो; एकाच वाहिनीत तो क्षणोक्षणी बदलतो; काही ठिकाणी पेशी थबकतात, आणि क्वचित प्रवाह दिशाच बदलतो. उंदराच्या मिशांना किंवा पायाला स्पर्श केला असता, मेंदूच्या ज्या भागाकडे त्या स्पर्शाची वर्दी जाते, तेथील काही केशवाहिन्यांत प्रवाह बदललेला दिसला. रॉय व शेरिंग्टन ह्यांचा पाटकरी एकशेआठ वर्षांनी शेवटच्या मोरीपाशी काम करताना प्रत्यक्ष दृष्टीस पडला.

कोणी म्हणेल, उंदराच्या मेंदूतील एका मिलिमीटरचा हिशेब ठेवून माणसाला काय मिळावयाचे? त्याचे उत्तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सापडते. वार्धक्यात स्मृती खाऊन टाकणाऱ्या अल्झायमर रोगासारखी विकृती ज्या उंदरांत निर्माण केली होती, त्यांच्या मेंदूत कॉर्नेलच्या संशोधकांना शंभरातील सुमारे दोन केशवाहिन्या तुंबलेल्या आढळल्या. एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटून वाट अडवीत होत्या. दोन टक्के म्हणजे क्षुल्लक, असे वाटेल. परंतु अडलेल्या वाहिनीच्या पुढच्या वाहिन्यांतही प्रवाह मंदावतो आणि थोड्या अडथळ्याने पुष्कळ शेत कोरडे पडते. त्या पेशींचे चिकटणे औषधाने सोडविल्यावर रक्तप्रवाह वाढला आणि काही तासांतच ते उंदीर स्मृतीच्या कसोटीत सरस ठरू लागले. उंदरात घडले ते माणसात तसेच घडेल, अशी ग्वाही ह्यावरून देता येत नाही. पण रोग कोठे शोधावयाचा, ह्याची एक नवी जागा मात्र निश्चित झाली. आणि ती केवळ प्रवाहाचा वेग एकेका वाहिनीत मोजता आला म्हणूनच सापडली.

अजून पुष्कळ बाकी आहे. दोन कणांच्या प्रकाशाची दृष्टी मेंदूत सुमारे एक मिलिमीटर खोल जाते. माणसाच्या मेंदूचे बाह्यपटलच दोन ते चार मिलिमीटर जाड असते, आणि त्यावर हाडाची पेटी आहेच. माणसाच्या जिवंत मेंदूतील खोल केशवाहिन्यांत ह्या रीतीने डोकावणे अद्याप साध्य झालेले नाही.

ह्या इतिहासात चुकीच्या मतांहूनही अपुऱ्या प्रश्नाने अधिक काळ खाल्ला. मन्‍रोचे अनुमान तर्काला सोडून नव्हते. हिलचे प्रयोग अप्रामाणिक नव्हते. दोघांनी जे मोजता येत होते त्यावरून, जे मोजता येत नव्हते त्याविषयी निर्णय दिला. उलट हार्वेने न दिसणारी वाट मानली ती हिशेबाच्या आधाराने, आणि ती पाहण्याचे काम पुढच्या पिढीवर सोपविले. रॉय व शेरिंग्टन ह्यांनीही तेच केले. ज्याचे साधन अद्याप निर्माण झालेले नाही त्याविषयी घाईने ‘नाही’ म्हणू नये, आणि साधन हाती येताच अनुमानावर विसंबून राहू नये, एवढा धडा भिंग घासणाऱ्या कापडाच्या व्यापाऱ्यापासून ते आजच्या प्रयोगशाळेपर्यंत एकसारखा दिसतो. अर्धांगाने किंवा स्मृतिभ्रंशाने ज्यांचे आप्त अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्या दृष्टीने हा नुसता शास्त्राचा इतिहास नाही. बोटाएवढ्या रोहिणीपेक्षा केसाच्या दशांशाएवढी वाहिनी माणसाचे माणूसपण अधिक सांभाळून धरते, ही जाणीव त्यातून मिळते, आणि उपचाराची आशाही आता तेथूनच सुरू होते.